बटाटे, झाडूचा दांडा आणि पॉल न्यूमनचे दोन सिनेमे

विली मॉस्कोनीच्या वडिलांचा अमेरिकेत फिलाडेल्फियात पूल हॉल होता, म्हणजे क्यू नावाच्या काठीने टेबलावरचे बॉल पॉकेटात घालायच्या खेळाचा अड्डा. पोरगं या नादाला लागू नये म्हणून वडील बॉल कुलपात ठेवायचे. मग विली स्वयंपाकघरातून लहान गोल बटाटे निवडून आणायचा, टेबलावर मांडायचा आणि झाडूच्या दांड्याने पॉकेटात घालायचा. याच मुलाने पुढे १९४१ ते १९५७ या काळात १५ वेळा स्ट्रेट पूल या प्रकाराचं जगज्जेतेपद जिंकलं. १९५४ साली ओहायोतल्या स्प्रिंगफील्डमध्ये त्याने एकदाही न चुकता ५२६ बॉल घातले. आणि 'द हसलर' या १९६१ च्या सिनेमासाठी पॉल न्यूमनला क्यू धरायला शिकवलं तेही त्यानेच.

अमेरिकेतल्या पूलच्या वेडाबद्दल कोणी लिहायला बसलं की सुरुवात हमखास सिनेमापासून होते. क्रम उलटा लावला तर गोष्ट जास्त नीट कळते. नामांकित खेळाडू स्टीव्ह मिझेराकच्या वडिलांचा पूल हॉल होता. जीन बॅल्युकसच्या घरच्यांचा ब्रुकलिनमध्ये होता. ती नवव्या वर्षी, १९६९ साली, पूलच्या यूएस ओपनमध्ये उतरली आणि १९७२ ते १९७८ अशी सलग सात वर्षं ती स्पर्धा जिंकली. फिलिपिन्सचा एफ्रेन रेयेस मनिलात काकांच्या हॉलमध्ये वाढला. हात टेबलापर्यंत पोचेना म्हणून कोल्ड्रिंकच्या खोक्यांवर उभा राहून खेळायचा आणि रात्री त्याच टेबलावर झोपायचा. यांपैकी कोणालाही सिनेमाने खेळाडू केलं नाही. सिनेमाने केलं ते वेगळंच: हॉलला गिऱ्हाईक आणून दिलं, आणि आत आल्यावर त्या गिऱ्हाइकाने कोणता खेळ मागायचा हेही बऱ्याच अंशी ठरवून टाकलं. १९६१ च्या सिनेमात स्ट्रेट पूल आहे, १९८६ च्या 'द कलर ऑफ मनी'मध्ये नाइन-बॉल. हे दोन खेळ इतके वेगळे आहेत की एखाद्याचा हात पाहून तो कोणत्या काळात शिकला याचा अंदाज बांधता येतो.

आधी नावांचा घोळ

आपल्याकडे बिलियर्ड्स म्हटलं की क्लबातलं बारा फुटी टेबल आणि तीन बॉलचा इंग्लिश खेळ डोळ्यांपुढे येतो. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कोलकात्यात ज्याचे जागतिक हौशी विजेते झाले, तो हा खेळ. स्नूकर त्याच टेबलावरचा, आणि तोही इथलाच: १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत जन्मला, नियम उटीच्या क्लबात बसवले गेले. अमेरिकन माणूस मात्र 'बिलियर्ड्स' हा शब्द सगळ्या खेळांना मिळून वापरतो आणि सहा पॉकेटांच्या लहान टेबलावर जे चालतं त्याला पूल म्हणतो. शिवाय पॉकेटं नसलेल्या टेबलावरचं कॅरम बिलियर्ड्स वेगळंच. (आपल्या सोंगट्यांच्या कॅरमशी त्याचं फक्त नाव जुळतं.) 'द हसलर'मध्ये नायक एका श्रीमंताच्या घरी पूल खेळायला म्हणून जातो आणि समोर बिनपॉकेटाचं टेबल येतं. हा फरक माहीत नसेल तर त्या प्रसंगात तो का बिचकतो ते कळतच नाही.

'पूल' शब्दाचा टेबलाशी मुळात संबंध नाही. पूल म्हणजे पैजेची एकत्र रक्कम. एकोणिसाव्या शतकात पूलरूम म्हणजे घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावायची जागा. दोन शर्यतींच्या मधला वेळ जावा म्हणून तिथे टेबलं टाकली गेली आणि जागेचं नाव खेळाला चिकटलं. बदनामीही त्याच वाटेने आली. आपल्याकडे हा खेळ साहेबाच्या क्लबातून आला: सभासदत्व, शांतता, गुण मांडायला मार्कर. अमेरिकेत तो रस्त्यावरच्या दारातून आला आणि तासाच्या भाड्यावर कोणालाही मिळाला. म्हणून तिकडचे सिनेमे पैजेबद्दल आहेत.

जुन्या हॉलमध्ये नक्की काय होतं

नऊ फुटी टेबल. नाव नऊ फुटी, पण कुशनच्या, म्हणजे कडेच्या रबरी पट्टीच्या, आतला खेळायचा भाग १०० इंच बाय ५० इंच, म्हणजे २५४ बाय १२७ सेंटिमीटर. खाली साधारण एक इंच जाडीची पाटीच्या दगडाची फरशी, तीन तुकड्यांत, सांधे मेणाने भरलेले. हे मेण काही वर्षांनी सुकून निघतं आणि मग हळू जाणारा बॉल सांध्यावर किंचित उडतो. जुन्या टेबलावर बॉल भलतीकडेच वळत असेल तर आधी 'टेबल तिरकं आहे' म्हणू नका. दगडाच्या सांध्यांवर हात फिरवून बघा.

वर कापड. त्या काळचं कापड लव असलेलं, जाडसर आणि संथ होतं. आज स्पर्धेत वापरतात ते घट्ट विणीचं, बिनलवेचं आणि वेगवान. मॉस्कोनीच्या पिढीला पांढरा, म्हणजे क्यूने मारायचा बॉल, लांब न्यायला खरा जोर लावावा लागे, म्हणून त्यांचा फटका लांब आणि वाहता असे; आणि जोर लावणं नकोच म्हणून पांढरा जवळ ठेवायची सवयही पक्की होई. आजच्या वेगवान कापडावर तोच जोर लावला तर पांढरा तीन कुशन फिरून पॉकेटात जातो. पावसाळी दमट हवेत आजचं कापडही जुन्यासारखं वागतं: बॉल मंदावतो आणि कुशनवरून अपेक्षेपेक्षा आखूड कोनात परततो. मुंबईत जुलैमध्ये खेळणाऱ्याने पहिली पाच मिनिटं नुसते कुशनचे फटके मारून पाहावेत.

बॉल सव्वादोन इंची, म्हणजे ५७.१५ मिलिमीटर, वजन १५६ ते १७० ग्रॅम. पूर्वी ते हस्तिदंताचे होते. टेबल बनवणाऱ्या मायकेल फेलनच्या कंपनीने हस्तिदंताला पर्याय शोधणाऱ्याला १०,००० डॉलरचं बक्षीस लावलं आणि त्या खटपटीतून जॉन वेस्ली हायटचं सेल्युलॉइड आलं. पूलच्या वेडाने प्लास्टिक उद्योगाला दिलेला धक्का हा असा. क्यूच्या टोकाला लावायचा निळा चौकोनी 'खडू' हाही खडू नाही. १८९७ साली विल्यम स्पिंक्स आणि विल्यम हॉस्किन्स यांनी त्याचं पेटंट घेतलं. त्यात वाळूतली सिलिका आणि ॲल्युमिनियम ऑक्साइडची पूड असते. चामड्याची टीप पांढऱ्यावरून घसरू नये एवढंच त्याचं काम. सिनेमातला नायक खडूचं भोक टीपवर करकर फिरवतो. त्याने मधे ढीग बसतो आणि कडा कोरड्या राहतात. टीप आडवी धरून, रंगाचा कुंचला फिरवावा तसा खडू कडांवरून ओढा. स्पिन द्यायला कडच लागते.

टेबलावर तारेत ओवलेले मणी टांगलेले असत. बॉल घातला की क्यूच्या टोकाने एक मणी सरकवायचा. कोपऱ्यात हाताला लावायची पावडर. भिंतीवर फळ्या: पैज लावू नका, आणि मासे मारू नका. मासे म्हणजे मच्छी नव्हे. क्यू जवळजवळ उभा धरून पांढऱ्याला वरून मारायचा आणि त्याला वळसा घ्यायला लावायचा तो फटका. नवख्याने मारला की टीप कापड फाडते आणि पूर्ण कापड बदलायचा खर्च हॉलवाल्याच्या बोकांडी बसतो. पैजेवरची फळी कोणी मनावर घेत नसे, माशांवरची मात्र कडक पाळली जाई.

भाडं तासाचं, आणि रिवाज असा की हरेल तो वेळेचे पैसे देणार. शिकवण्याचं निम्मं काम या रिवाजाने केलं. पोरांना कोणी धडे देत नसे. कडेच्या उंच खुर्च्यांवर बसून तास न् तास बघायचं, हॉलवाल्याची झाडलोट करून फुकट टेबल मिळवायचं, आणि हरलं की खिसा रिकामा. चुकीची किंमत दर वेळी रोख मोजली की हात लवकर बसतो.

१९६१: जिथे कोणी घाई करत नाही

रॉबर्ट रॉसेन हा दिग्दर्शक तरुणपणी स्वतः पूलवर पैजा मारत असे. त्याने चित्रण सेटऐवजी न्यूयॉर्कमधल्या खऱ्या हॉलमध्ये केलं. टाइम्स स्क्वेअरजवळचा एम्स हा त्यातला मुख्य. छायालेखक युजेन शुफ्टान आणि कलादिग्दर्शन या दोहोंना ऑस्कर मिळाले. चौकट सिनेमास्कोपची, लांबट, आणि टेबलही लांबीला रुंदीच्या दुप्पट, त्यामुळे आख्खं टेबल एका नजरेत येतं. मिनेसोटा फॅट्स झालेला जॅकी ग्लीसन लहानपणापासून चांगला खेळणारा. त्याचे फटके न कापता दाखवले आहेत. न्यूमनने तोवर क्यू हातात धरलेला नव्हता. त्याने घरातलं जेवणाचं टेबल हलवून तिथे पूलचं टेबल टाकलं आणि सराव केला. अवघड फटक्यांना हात मॉस्कोनीचे आहेत. सिनेमा बघताना फटका बसतो तेव्हा चेहरा चौकटीत आहे की नाही एवढं बघा. कोण मारतंय ते आपोआप कळतं.

आता तो खेळ. स्ट्रेट पूल, अधिकृत नाव १४.१. नियम दिसायला बाळबोध: कोणताही बॉल, कोणतंही पॉकेट, मारण्याआधी दोन्ही सांगायची, प्रत्येक बॉलला एक गुण, आधी ठरवलेल्या आकड्याला (१२५, १५०) जो पोचेल तो जिंकला. गंमत नावात आहे. पंधरापैकी चौदा बॉल गेले की ते चौदा परत त्रिकोणात मांडायचे, टोकाची जागा रिकामी ठेवून. पंधरावा बॉल आणि पांढरा जिथे आहेत तिथेच राहतात. आता पंधरावा घालायचा आणि त्याच फटक्यात पांढरा नव्या ढिगात घुसवून तो फोडायचा. जमलं तर डाव चालू, पुढचे चौदा तुमचे. मॉस्कोनीचे ५२६ म्हणजे हे सदतीस वेळा.

सुरुवातीचा ब्रेक, म्हणजे ढीग फोडायचा पहिला फटका, इथे कोणाला नको असतो. सांगितलेला बॉल घालायचा असल्याने ढीग फोडून काही हमखास मिळत नाही, आणि न घालता फोडायचा असेल तर दोन बॉल आणि पांढरा कुशनला लागलेच पाहिजेत. नाहीतर दोन गुण वजा. म्हणून जाणकार ढिगाच्या मागच्या कोपऱ्यातल्या बॉलला अगदी पातळ लागतो, दोन बॉल कुशनला जाऊन परत ढिगाशी येतात आणि पांढरा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कुशनला चिकटून थांबतो. साधा फाऊल झाला तर एक गुण जातो. सलग तीन फाऊल केले तर वर आणखी पंधरा.

हा खेळ सिनेमाला का शोभला, तर तो संपत नाही. एकाने लय पकडली की दुसरा खुर्चीत बसून राहतो, पाऊण तास, एक तास. सिनेमातला सामना पंचवीस तास चालतो. नायक १८,००० डॉलरने वर जातो आणि तरीही उठत नाही, कारण समोरच्याने हार कबूल केलेली नाही. स्ट्रेट पूल खेळणाऱ्याला हे अतिशयोक्त वाटत नाही. इथे दमछाक हाच प्रतिस्पर्धी असतो. मात्र एका गोष्टीत सिनेमा फसवतो. पडद्यावर लांब, तिरके, कुशन घेऊन जाणारे फटके भरपूर आहेत. खरा मोठा स्ट्रेट पूल बघायला कंटाळवाणा वाटावा इतका सोपा दिसतो. पांढरा चार-सहा इंच सरकतो, पुढचा फटका पुन्हा सोपा. अवघड फटका आला म्हणजे आधीच्या फटक्यात चूक झाली.

हसलर, बकरा आणि वाटा

हसलर म्हणजे उत्तम खेळता येत असून न आल्यासारखं दाखवणारा पैजेबाज. तो दोन डाव थोडक्यात हरतो, पैज वाढवतो, मग नशिबाने जिंकल्यासारखा जिंकतो. बकरा सगळ्यात मोठी चूक करतो ती रक्कम वाढवताना. खेळाचा अंदाज त्याने तोवर हसलरने दाखवलेल्या खेळावरून बांधलेला असतो.

पण ही लबाडी फार दिवस चालत नाही. चेहरा ओळखीचा झाला की संपलं. हॉलमध्ये रोज चालायची ती उघड घासाघीस, म्हणजे स्पॉट. कमकुवत खेळाडूला किती सवलत द्यायची हे आधी ठरतं. स्ट्रेट पूलमध्ये सोपं: तू १०० कर, मी १५० करतो. नाइन-बॉलमध्ये 'आठ नंबर दिला' म्हणजे समोरच्याने आठ किंवा नऊ यांपैकी कोणताही घातला तरी तो जिंकला. दुसऱ्याला नऊच घालावा लागेल. खरा खेळाडू टेबलावर जिंकतो त्याहून जास्त या बोलणीत जिंकतो, असं हॉलमधली माणसं मानत, आणि त्यात तथ्य आहे.

तिसरा माणूस पैसे लावणारा. तो खेळत नाही; खेळाडूच्या मागे रक्कम उभी करतो आणि जिंकल्यावर वाटा घेतो. 'द हसलर'मधला बर्ट गॉर्डन ७५ टक्के मागतो. हरलं तर सगळं नुकसान त्याचं, हे खरं. पण दुसऱ्याच्या पैशावर खेळणाऱ्याने कधी थांबायचं हे दुसराच ठरवतो, आणि सिनेमाचा खरा संघर्ष तिथे आहे.

मॉस्कोनीला हे जग मुळीच आवडत नसे. पूल हा सूट घालून खेळायचा सभ्य खेळ आहे, हे लोकांना पटवण्यात त्याचं आयुष्य गेलं. उलट रुडॉल्फ वॉन्डेरोन नावाच्या जाड्या, बडबड्या पैजेबाजाने सिनेमा आल्यावर 'मिनेसोटा फॅट्स मीच' असं जाहीर केलं आणि ते नाव आयुष्यभर मिरवलं. दोघांचा सामना १४ फेब्रुवारी १९७८ ला टीव्हीवर झाला. मॉस्कोनी सहज जिंकला, पण प्रेक्षकांच्या लक्षात राहिला तो फॅट्सच.

सिनेमानंतर काही वर्षं हॉल भरले. इलिनॉयमधल्या जॉन्स्टन सिटी या लहान गावात जान्स्को बंधूंनी त्याच १९६१ साली पैजेबाजांची स्पर्धा सुरू केली होती. ती गाजू लागली, कॅमेरे आले, आणि १९७२ मध्ये केंद्रीय पोलिसांनी धाड घालून पैजेवाल्यांना पकडलं तेव्हा बंद पडली. प्रसिद्धी आणि पैज एका छताखाली नांदत नाहीत. तोवर शहरातले जुने हॉलही मिटत चालले होते. त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे एकटे राहणारे पुरुष. ती जीवनपद्धतच ओसरली, असं समाजशास्त्रज्ञ नेड पोल्स्की याने १९६० च्या दशकातच मांडलं होतं.

खेळ उरला तो बारमध्ये, नाणं टाकून चालणाऱ्या सात फुटी टेबलावर. तिथे पॉकेटात गेलेले रंगीत बॉल पेटीत अडकतात, पण पांढरा परत यायला हवा. त्यासाठी तो मोठा किंवा जड करत, पुढे लोहचुंबकाने ओळखता येईल असा. जड पांढरा धडकेनंतर पुढेच ढकलला जातो आणि मागे ओढायला, आपल्या भाषेत स्क्रू करायला, फार जोर लागतो. बारमध्ये शिकलेला माणूस नऊ फुटी टेबलावर आला की त्याचा पांढरा हातभर जास्त मागे पळतो, तो यामुळे.

१९८६: सगळं एका फटक्यात

'द कलर ऑफ मनी' मार्टिन स्कोर्सेसीचा, शिकागोत चित्रित झालेला. न्यूमनने पंचवीस वर्षांनी तोच माणूस पुन्हा उभा केला आणि यावेळी ऑस्कर घेतलं. तांत्रिक सल्लागार माइक सिगेल. टॉम क्रूझने जवळजवळ सगळे फटके स्वतः मारले. दोन बॉलवरून उडी मारणारा एक फटका तेवढा सिगेलचा. मिझेराक एका छोट्या भूमिकेत दिसतो. ग्रेडी सीझन्स झालेला कीथ मॅक्रेडी हा खराखुरा पैजेबाज खेळाडू. त्याचा हात कोपरातून बाहेर फेकल्यासारखा चालतो, कोणताही प्रशिक्षक पहिल्याच दिवशी बंद करील असा. हॉलची छाप ती हीच: तिथे रीत कोणी शिकवत नसे, फक्त बॉल गेला की नाही एवढंच विचारलं जाई.

नाइन-बॉलमध्ये नऊच बॉल, हिऱ्याच्या आकारात. पुढे एक, मधोमध नऊ. टेबलावरच्या सगळ्यात लहान नंबरला आधी लागायचं, मग कोणताही बॉल गेला तरी चालतो, आणि नऊ नियमात गेला की डाव जिंकला. तो एकवर आपटून पहिल्याच फटक्यात गेला तरी जिंकला. डाव पाच मिनिटांत संपतो, नशिबाला जागा आहे, ब्रेकचा धडाका आहे. टीव्हीला आणि नव्या गिऱ्हाइकाला आणखी काय हवं? १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत गालिचे आणि झगमगते दिवे असलेले नवे हॉल निघाले, आणि तिथे येणारा प्रत्येकजण आधी ब्रेक मारून पाहायचा.

तो ब्रेक बहुतेकांचा बिघडलेला असतो, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर. पहिली चूक मांडणीत. नऊ बॉल एकमेकांना टेकलेलेच हवेत. एकच्या मागे केसभर फट असली तरी धक्का तिथेच मुरतो आणि ढीग अर्धवट फुटतो. दुसरी चूक क्यू मागून उंच धरण्याची. तसं मारलं की पांढरा किंचित उडतो, एकवर हवेतूनच आदळतो आणि टेबलाबाहेर जातो. तिसरी, पूर्ण ताकद. ताकद लावताना खांदा हलतो, टीप मध्यावरून सरकते आणि एकला धक्का तिरका बसतो. पांढरा बाजूच्या कुशनजवळ ठेवा, एकच्या भरल्या मध्यावर नेम धरा, सत्तर टक्के जोर लावा. बरोबर बसलं तर पांढरा टेबलाच्या मधल्या भागात थबकतो, हिऱ्याच्या कडेचा बॉल मागच्या कोपऱ्याकडे निघतो आणि एक मधल्या पॉकेटाकडे. पांढरा कुठे थांबला यावरून ब्रेक मोजा. किती आवाज झाला यावरून मोजू नका.

उडीच्या फटक्याचंही तसंच. बॉलच्या खाली टीप घालून तो उचलणं हा फाऊल आहे. नियमातली उडी वरून मारायची: क्यू मागून तीस-चाळीस अंश उचला आणि पांढऱ्याच्या मध्याच्या वर टोला द्या, बॉल खालच्या दगडावर दाबला जाऊन उसळतो. दर वेळी कापडावर एक पांढरा भाजल्यासारखा ठिपका उरतो. घरच्या टेबलावर सराव करायचा असेल तर खाली जुन्या कापडाचा तुकडा टाका.

आणि क्यू. या सिनेमात नायक शिष्याला बॅलाबुश्काचा क्यू देतो. क्यू बनवणारा जॉर्ज बॅलाबुश्का १९१२ मध्ये रशियात जन्मला, १९२४ मध्ये अमेरिकेत आला, १९७५ मध्ये वारला. त्याचे क्यू आज संग्राहकांच्या कपाटात आहेत. पडद्यावर दिसतो तो मात्र त्याचा नाही, जॉस कंपनीने त्या धर्तीवर केलेला आहे. मौल्यवान मूळ वस्तू चित्रीकरणात आपटायला कोण देईल? सिनेमानंतर नक्षीदार क्यूंची मागणी वाढली. पण नक्षी सगळी मागच्या भागात असते आणि बॉलला लागते ती टीप. हॉलमधला भिंतीवरचा क्यू निवडताना तो टेबलावर लोळवून बघा, टोक उड्या मारत असेल तर परत ठेवा. टीपची गोलाई सध्याच्या एक रुपयाच्या नाण्याच्या कडेइतकी पुरे. सपाट आणि चकचकीत झालेली टीप असेल तर क्यू कितीही सरळ असो, स्क्रू मारताना घसरणार.

एकट्याने स्ट्रेट पूल

एकट्याला टेबल मिळालं तर १४.१ इतका सोबती खेळ नाही. पंधरा बॉल मांडा, मोकळे फोडा, आणि चुकेपर्यंत मोजा. पहिला टप्पा चौदा नव्हे, पंधरा: म्हणजे नवा ढीग एकदा तरी डाव न मोडता फोडला. बहुतेक जण इथेच अडकतात, आणि चूक पंधराव्या बॉलवर होत नाही. ती चार-पाच बॉल उरलेले असताना होते. तेव्हाच ठरवायचं की ढिगाच्या बाजूला, साधारण मधल्या रांगेच्या पातळीवर पडलेला एखादा बॉल शेवटपर्यंत हलवायचा नाही. तो ब्रेक-बॉल. त्याच्या आधी घालायचा बॉल म्हणजे की-बॉल. तो असा निवडायचा की घातल्यावर पांढरा जवळजवळ जागच्या जागी थांबला तरी ब्रेक-बॉलला योग्य कोन मिळेल. कोन फार सरळ झाला तर पांढरा ढिगापर्यंत जोरात पोचत नाही. फार पातळ झाला तर बॉलच चुकतो. मध्याच्या किंचित वर, मध्यम जोराने मारा. ढिगातल्या एखाद्या बॉलवर भरलेला आदळला तर पांढरा तिथेच रुतून बसतो. त्याच्या अर्ध्यावर लागला तर बाहेर निसटतो आणि पुढचा फटका दिसतो.

मॉस्कोनीचा ५२६ चा आकडा आठ फुटी टेबलावरचा होता, म्हणून नऊ फुटीवर तो गाठायची ईर्षा अनेकांना होती. जॉन श्मिटने २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात महिनोन् महिने रोज प्रयत्न करून ६२६ केले, जेसन शॉने २०२२ मध्ये ७१४. तेही दोघे बऱ्याचदा नवा ढीग फोडण्याच्या जागीच डाव गमावत होते. तुमचाही पांढरा तिथे ब्रेक-बॉलच्या चुकीच्या बाजूला थांबला तर जोर लावून नशीब काढू नका. ढिगाला अलगद चाटून पांढरा लांबच्या कुशनला नेऊन ठेवा. एकटे असलात तर उठून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जा आणि आता समोरचा म्हणून तेवढ्याच प्रामाणिकपणे त्यातून वाट काढा.